११८ : एका आकड्याची कुळकथा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की डिस्चार्ज कार्डावर लेन्सच्या डबीतला स्टिकर चिकटवून देतात. शेवगावच्या आत्याच्या कार्डावरचा स्टिकर वाचताना मी एका आकड्यापाशी अडकलो. पॉवर +२१.५, हे कळण्यासारखं होतं. त्याखाली बारीक अक्षरात ‘ए-कॉन्स्टंट ११८.०’. ही लेन्सची लांबी नाही, जाडी नाही, वक्रताही नाही. कोणत्याही यंत्राखाली लेन्स धरली तरी हा ११८ मोजता येत नाही. मग तो छापतात कशाला? त्याचा माग काढल्यावर माझं मत पक्कं झालं : कुणाच्या डोळ्यात कोणती लेन्स घालायची हे ठरवण्याची विद्या भिंगांच्या शास्त्रापेक्षा हिशेबाच्या वहीतून जास्त आली आहे.

मागचे टप्पे ओळखीचे आहेत. सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू हटवण्याची कृती आहे. १७४७ मध्ये फ्रान्सच्या दाव्हिएलने तो बाहेर काढला. १७९५ च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये कासामाता याने रिकाम्या जागी काच बसवून पाहिली. ती जड असल्याने डोळ्याच्या तळाशी गेली.

मग इंग्लंडचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या. हे पर्स्पेक्स नावाचं प्लॅस्टिक डोळ्यात राहूनही डोळा चिघळत नाही, हे रिडलींनी पाहिलं. या कथेत विमान बहुधा स्पिटफायर असतं. पण ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं तो गॉर्डन क्लीव्हर १५ ऑगस्ट १९४० रोजी हरिकेन चालवत होता. १९८७ मध्ये त्याच्याही डोळ्यात लेन्स बसवली गेली. दुसरी कथा अशी की एका विद्यार्थ्याने ऑपरेशन पाहताना विचारलं, ‘काढलेल्या लेन्सच्या जागी दुसरी का नाही बसवत?’ आणि रिडली कामाला लागले. मला दोन्ही खऱ्या वाटतात. प्लॅस्टिक विमानाने दिलं, धक्का पोराने दिला.

माझा रस मात्र पुढच्या गोष्टीत आहे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी एका बाईंवर पहिलं ऑपरेशन केलं आणि ८ फेब्रुवारी १९५० ला लेन्स कायमची बसली. बाईंचा डोळा शांत राहिला, पण नंबर निघाला मायनस २४, त्यावर ६ चा सिलिंडर. म्हणजे लेन्स टिकली, पण निवड साफ चुकली.

का चुकली? रिडलींनी आणि रेनर कंपनीच्या जॉन पाइकने माणसाच्या नैसर्गिक लेन्सचा आकार उचलला. पण तोच आकार वेगळ्या पदार्थात घडवला की ताकद बदलते. डोळ्यातल्या पाण्याचा अपवर्तनांक १.३४ च्या आसपास, नैसर्गिक लेन्सचा सरासरी १.४२, पर्स्पेक्सचा १.४९. वजाबाकी करा : नैसर्गिक लेन्सला ०.०८ मिळतात, पर्स्पेक्सला ०.१५. जवळपास दुप्पट! नैसर्गिक लेन्सची ताकद वीसच्या आसपास असते. ती दुप्पट केली की वीसभर जास्तीची ताकद चढते, आणि बाईंचा नंबर त्याच घरात जातो. कुणी म्हणेल, लेन्स मागे सरकली असेल. ते पटत नाही, कारण लेन्स पडद्याच्या दिशेने सरकली तर नंबर उलट प्लसकडे जातो.

त्यानंतर बराच काळ सगळ्यांना साधारण एकाच ताकदीची लेन्स, किंवा जुन्या चष्म्यावरून काढलेली. त्याचा आडाखा होता : १८ अधिक चष्म्याच्या नंबरची सव्वापट. यात केवढी फसगत आहे, ते आपल्याकडच्या घरांत कुणालाही विचारा. मोतीबिंदू पिकायला लागला की मधला गाभा घट्ट होतो, डोळा मायनसकडे जातो, आणि सत्तरीतली आजी सांगते, ‘आता चष्म्याशिवाय तांदूळ निवडता येतात.’ घरच्यांना आनंद होतो. तोच बदललेला नंबर धरून लेन्स निवडली तर ती चुकणारच.

१९६७ मध्ये रशियाच्या फ्योदोरोव्ह आणि कोलिंको यांनी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता घेऊन शुद्ध प्रकाशशास्त्राचं सूत्र मांडलं. माझ्या मताविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा हाच, कारण वही येण्याआधी शास्त्र आलं होतं. पण त्यात एक अडचण होती. ऑपरेशननंतर लेन्स डोळ्यात नेमकी किती खोल बसेल, हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. खोलीचा अंदाज चुकला की सूत्रही चुकलं.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी ही खोली शोधण्याचा नाद सोडला. ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली त्यांचे नंबर घेतले आणि उलटा हिशेब लावला. निघालं ते सूत्र सातवीच्या मुलालाही मांडता येईल : लेन्सची ताकद म्हणजे ए, वजा अडीच पट डोळ्याची लांबी, वजा ०.९ पट कॉर्नियाची वक्रता. आत्याचा डोळा २२.८ मिलिमीटर, वक्रता ४४. म्हणजे ११८ मधून ५७ गेले, मग ३९.६ गेले, उरले २१.४. लेन्स अर्ध्या-अर्ध्या पॉवरच्या टप्प्याने मिळते, म्हणून २१.५. लांबी मोजताना ए-स्कॅनची काडी कॉर्नियावर जरा दाबली गेली आणि डोळा अर्धा मिलिमीटर आखूड दिसला, तर सव्वा पॉवरचा फरक पडतो.

आणि ए? न कळलेली सगळी खोली त्या एका अक्षरात भरली आहे. बुबुळाच्या पुढे बसणाऱ्या लेन्सचा ए ११५ च्या आसपास, मागे पिशवीत बसणाऱ्यांचा ११८ च्या आसपास. इतकंच नाही, डॉक्टरच्या हाताप्रमाणेही तो किंचित बदलतो. त्यामुळे काटेकोर सर्जन स्वतःच्या रुग्णांच्या निकालांवरून आपला ए सुधारून घेतात. फार आखूड किंवा फार लांब डोळ्यांत हे सरळ सूत्र लंगडं पडलं आणि १९९० च्या सुधारित आवृत्तीत पुन्हा प्रकाशशास्त्र आणावं लागलं, हे मान्य. पण त्या आवृत्तीनेही ए सोडला नाही.

आपल्या भागात हे सगळं उशिरा आलं. शिबिरांत लेन्स काढून टाकत आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा +१० चा चष्मा देत. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने स्वस्त लेन्स बनवायला सुरुवात केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रासह सात राज्यं आली. आज पाथर्डी-जामखेडचा माणूस नगरच्या आनंदऋषीजी रुग्णालयात, लोणीला प्रवरा रुग्णालयात, नाही तर पुण्याला देसाई नेत्र रुग्णालयात लेन्स बसवून येतो.

निवडताना आता प्रश्न कामाचा असतो. रात्री नगर-मनमाड रस्त्यावर ट्रक हाकणाऱ्याला जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स दिली तर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. त्याला साधी, लांबचं स्वच्छ दाखवणारी लेन्स बरी, वाचायला चष्मा लागला तरी चालेल. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला मुद्दाम थोडा मायनस ठेवून जवळचं देता येतं. तिरपा नंबर (सिलिंडर) मोठा असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स. हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. आपलं काम काय, गाडी रात्री चालवतो का, हे मोजणीच्या वेळीच सांगावं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. ऑपरेशननंतर महिन्याभराने नंबर तपासायला बोलावतात, आणि आपल्याकडचे कितीतरी जण ‘दिसतंय की’ म्हणून कांदा काढायला निघून जातात. ते आले नाहीत की त्यांचा निकाल वहीत चढत नाही, आणि डॉक्टरचा ए आहे तिथेच राहतो.