‘उल्का पडून’ची कुळकथा

‘आकाशातून उल्का पडून सरोवर तयार झाले.’ असे सरोवर आहे त्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारमध्ये या वाक्यात कुणालाही खोट दिसणार नाही. विज्ञान म्हणून ते बरोबर आहे आणि मराठी म्हणूनही चोख आहे. आता हेच वाक्य पार्टिसिपल वापरून इंग्रजीत करायचे म्हटले, की वहीत हमखास उतरते ते असे : ‘हॅविंग फॉलन फ्रॉम द स्काय, द लेक वॉज फॉर्म्ड.’ इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी इथे उल्का नव्हे, खुद्द सरोवरच आभाळातून पडले. या चुकीला इंग्रजीत लोंबकळते पार्टिसिपल म्हणतात, आणि इंग्रजी कच्चे असल्याची ती खूण मानली जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नाही. मराठीच्या ‘-ऊन’ने काही शतकांपूर्वी एक जुना नियम मोडला, आणि तो मोडायला तिला बहुधा कानडीने शिकवले. ही कुळकथा त्या मोडलेल्या नियमाची आहे.

पार्टिसिपलच्या कुळातले माहीत असलेले टप्पे चटकन उरकू. नाम आणि क्रियापद या दोघांतही वाटा असलेला शब्द म्हणून ग्रीक वैयाकरणांनी या प्रकाराला ‘भागीदार’ अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनने त्याचे भाषांतर केले आणि इंग्रजीने लॅटिन शब्द उचलला. जुन्या इंग्रजीत वर्तमानकाळी पार्टिसिपलचा प्रत्यय ‘-एंडे’ होता. तो संस्कृतच्या ‘-अन्त्’चा, म्हणजे पर्यायाने आपल्या ‘करत’, ‘जात’मधल्या ‘-त’चा सख्खा चुलत. मध्ययुगात इंग्रजीने हा चुलत घराबाहेर काढला आणि क्रियेची नामे बनवणाऱ्या ‘-इंग’ला त्याच्या गादीवर बसवले. म्हणजे ‘-इंग’ला ‘-त’ लावून शिकवणारा मास्तर अर्थाने बरोबर असला, तरी वंशाने दत्तकाशी नाते जोडत असतो.

आपल्याकडे पार्टिसिपलने वाक्ये जोडण्याच्या शाळेतल्या सरावाला पक्के रूप दिले ते रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाने. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) या साहसकादंबरीने जगभर गाजले. १९३०च्या दशकात आलेल्या त्या व्याकरणात साधी वाक्ये जोडून एक साधे वाक्य करण्याच्या रीती दिल्या आहेत, आणि त्यांत पहिली रीत पार्टिसिपलची. ही रीत पहिली का, याचा माझा कयास असा, की इंग्रज मुले लॅटिन शिकताना जे करत, तेच भारतीय मुलांकडून इंग्रजीत करून घेतले गेले. मराठी मुलांना मात्र ती फार सोपी वाटली, कारण ‘हॅविंग डन’ म्हणजे ‘करून’ हे समीकरण आयते हाताशी होते. ‘काम करून तो घरी गेला’ इथे ते अचूक बसते. ‘उल्का पडून’ इथे कोसळते.

का कोसळते, याचे उत्तर इंग्रजी पुस्तकापेक्षा नेमके पाणिनीने दिलेले आहे. संस्कृतात ‘कृत्वा’, ‘गत्वा’ ही रूपे कधी वापरावीत? अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातला नियम दोन अटी घालतो : दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, आणि ही क्रिया दुसरीच्या आधी घडलेली हवी. कर्ते वेगळे असतील, तर संस्कृतात सति सप्तमी वापरतात, म्हणजे पहिल्या क्रियेचा कर्ता आणि तिचे धातुसाधित दोन्ही सप्तमीत ठेवतात. लोंबकळत्या पार्टिसिपलवर इंग्रजी शिक्षक जी लाल रेघ मारतो, तिच्यामागचा नियम तंतोतंत पाणिनीची पहिली अट आहे. हेच मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत नवलाचे वाटते. लंडनचा नियम आणि पाणिनीचा नियम एकच आहेत. मधे मराठी तेवढी वेगळी पडली आहे.

‘-ऊन’चे घराणे तर खानदानी आहे. संस्कृतच्या ‘-त्वा’चा वैदिक भाऊ ‘-त्वान’, त्यातून महाराष्ट्री प्राकृताचा ‘-ऊण’ : काऊण, सोऊण, दट्ठूण. हालाच्या गाथासप्तशतीत ही रूपे पानोपानी भेटतात. पुढे महानुभावांच्या गद्यात ‘करूनि’, ‘जाऊनि’ आणि आज ‘करून’, ‘जाऊन’. प्रत्यय वारशाने आला, पण वारशाबरोबर आलेली पाणिनीची अट मात्र वाटेत गळाली. ‘पाऊस पडून रस्ते बंद झाले’, ‘त्याला जाऊन दोन वर्षे झाली’, ‘दिवा विझून अंधार झाला’, या प्रत्येक वाक्यात ‘-ऊन’चा कर्ता एक आणि मुख्य क्रियापदाचा दुसरा आहे. अट गळाली कुठे आणि कुणामुळे, हा खरा वाद आहे.

पहिला पक्ष म्हणेल, हा ‘-ऊन’ मुळी एक नाहीच. ‘घरून’, ‘वरून’, ‘तिथून’ यांतला पंचमीचा ‘-ऊन’ (जुना ‘-हूनि’) क्रियापदाच्या ‘-ऊन’मध्ये मिसळला. मग ‘त्याला जाऊन दोन वर्षे’ म्हणजे ‘जाण्यापासून दोन वर्षे’, आणि ‘उल्का पडून’ म्हणजे ‘पडण्याने’. तर्क देखणा आहे, पण शब्दांची घडण त्याच्या आड येते. पंचमीचा प्रत्यय नामाला किंवा अव्ययाला लागतो, आणि ‘करून’मध्ये प्रत्यय थेट धातूला चिकटला आहे. शिवाय ‘काऊण’ प्राकृतात आधीच नांदत होते. दोन्ही आवाज सारखे झाल्यावर अर्थाची थोडी देवघेव झाली असेल, एवढे मी मान्य करतो. मोडतोडीचे मूळ मात्र तिथे सापडत नाही.

दुसरा पक्ष अधिक तगडा आहे. सति सप्तमी बोलीतून गेली, तिची जागा रिकामी पडली, ती ‘-ऊन’ने भरली, असे तो म्हणतो. संस्कृत ग्रंथांतही ‘-त्वा’ अधूनमधून अट मोडतो, याकडेही बोट दाखवता येईल. पण जागा रिकामी पडली ती एकट्या मराठीत नव्हे. हिंदीतही सति सप्तमी गेली. तरी हिंदीभाषक ‘उसे गए दो साल हुए’ म्हणतो, तिथे ‘जाकर’ म्हणत नाही. उल्केबाबत तो ‘गिरने से’ म्हणतो, ‘गिरकर’ नाही. गुजरातीही ‘गये’सारखे रूप वापरते. म्हणजे उत्तरेच्या बहिणींनी ती रिकामी जागा दुसऱ्याच सामानाने भरली. मराठीने ‘-ऊन’च का उचलला, हे रिकाम्या जागेवरून कळत नाही.

आता दक्षिणेकडे पाहा. कानडीत ‘अवनु होगि एरडु वर्ष आयितु’ : तो, जाऊन, दोन, वर्ष, झाले. एकेक शब्द मराठीवर जवळजवळ तसाच बसतो. फरक एवढाच, की कानडीत ‘तो’ आणि मराठीत ‘त्याला’. तेलुगूतही हीच रचना चालते. याहून बोलका पुरावा मर्यादेचा आहे. मराठीचे हे स्वातंत्र्य बेलगाम नाही. ‘पाऊस पडून पीक आले’ चालते. ‘राम येऊन सीता गेली’ कानाला खटकते. पहिली क्रिया आपोआप घडलेली असली आणि दुसरीचे ती कारण किंवा काळाची खूण असली, तरच कर्ते वेगळे ठेवता येतात. कानडीतही जवळपास हेच कुंपण आहे. नुसती सूट सारखी असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. सुटीबरोबर तिच्यावरची बंधनेही सारखी निघाली, तर शेजाऱ्याकडूनच घेतली असे मानणे भाग आहे.

यावर आक्षेप येईल : कानडी कुठे आणि बुलढाणा कुठे? पण नकाशा आजचा वाचून चालणार नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी कानडी होती, आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर चालुक्यांच्याच काळातले म्हणून ओळखले जाते. त्यांच्यानंतरच्या यादवांचेही कानडी शिलालेख आहेत. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. चावुंडरायाने मूर्ती करविली ही गोष्ट तिथे मराठी, कानडी आणि तमिळ अशा तिन्ही भाषांत कोरली आहे, आणि त्यातले ‘करवियलें’ हे मराठी रूपही धातुसाधितच आहे. ज्या समाजात एकच माणूस दोन भाषांत लिहवून घेतो, तिथे वाक्याची वळणे एका भाषेतून दुसरीत सहज जातात. ‘अण्णा’, ‘अक्का’ घरात आले, त्याच वाटेने ही रचनाही आली. अमुक साली ती आली असे सांगणारा ताम्रपट मिळणार नाही, कारण शब्दांच्या उसनवारीची नोंद राहते तशी रचनेच्या उसनवारीची राहत नाही. अशा बाबतीत शेजार आणि साम्य एवढ्यावरच निवाडा करावा लागतो, आणि इथे दोन्ही एकाच बाजूला झुकतात.

हा निवाडा मान्य केला, तर वर्गातल्या सरावाची मांडणी बदलावी लागेल. ‘हॅविंग म्हणजे -ऊन’ हे समीकरण फळ्यावरून पुसायची गरज नाही, पण त्याच्याआधी एक प्रश्न हवा : दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे का? ‘पर्यटक सरोवर पाहून परतले’ इथे उत्तर होय, म्हणून ‘हॅविंग सीन द लेक’ बिनधोक. २०२०च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. ‘पाणी कमी होऊन खारटपणा वाढला’ असे त्याबद्दल म्हणायचे, तर या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते. तिथे इंग्रजीत पहिला कर्ता उघडपणे सांगावा लागतो, ‘द वॉटर हॅविंग रिसीडेड’ असा. मराठी शाळेत हा भेद रेन-मार्टिनच्या भाषेत समजावण्यापेक्षा पाणिनीच्या अटीने समजावणे सोपे जाईल, कारण तिथे मुलांना परक्या भाषेचा नियम पाठ करायचा नसतो. आपल्या भाषेने सोडून दिलेली एक अट परीक्षेपुरती पुन्हा पाळायची असते.