रुळांचे मोल

बोरघाट चढणाऱ्या आगगाडीतून खंडाळ्याची दरी पाहताना प्रवाशाचे मन निसर्गशोभेत रमून जाते. त्या बोगद्यांसाठी किती हात राबले, याचे स्मरण त्याला क्वचितच होते. 1856 ते 1863 या काळात हा घाट फोडण्यात आला. 1861 साली तेथे 40 हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी खपत होते आणि पटकीने त्यांतील कित्येकांचा बळी घेतला. भांडवल विलायतेतील भागधारकांचे होते. पण त्यावर 5 टक्के व्याजाची हमी होती, आणि मिळकत अपुरी पडली तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची होती. पैसा परक्याचा, जोखीम मात्र रयतेची, असा तो व्यवहार होता.

पुढे तीसपस्तीस वर्षांनी असाच एक उद्योग अरबी समुद्रापलीकडे आरंभिला गेला. नाईलचा उगम आणि युगांडाचा प्रदेश आपल्या हाती राहावा, म्हणून मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे इंग्रज सरकारने ठरविले. 1896 साली पार्लमेंटने त्यासाठी 30 लक्ष पौंड मंजूर केले. प्रत्यक्षात खर्च 55 लक्षांच्या घरात गेला. विरोधकांनी या योजनेला वेड्यांचा मार्ग म्हणून हिणविले.

या मार्गाचा सांगाडा जणू हिंदुस्थानातूनच उचलून नेलेला होता. रुळांतील अंतर आपल्याकडील मीटर गेजचे, चलनात नाणे रुपयाचे, आणि न्यायासनासमोर ग्रंथ भारतीय दंडविधानाचा. कचेऱ्यांतून गोमंतकीय कारकून बसले. मजूर मुख्यत्वे पंजाबातील; कराची बंदरातून ते करारावर गेले. असे 31,983 लोक या कामासाठी नेण्यात आले. त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर 1898 साली दोन नरभक्षक सिंहांनी मांडलेल्या उच्छादाची कथा जगभर गाजली. पण सिंहांपेक्षा ताप, आमांश व अपघात हेच अधिक क्रूर ठरले. 2,493 जण मृत्यू पावले, 6,454 जण निकामी होऊन परतले, 16,312 जण मुदत संपल्यावर मायदेशी आले आणि उरलेले 6,724 तेथेच स्थायिक झाले. हा मार्ग सुमारे 930 किलोमीटर लांबीचा. म्हणजे दर किलोमीटरमागे अडीचांहून अधिक प्राण गेले.

1899 साली रूळ एका थंड पाणथळ जागी पोहोचले. तेथेच पुढे नैरोबी नगर वसले. 1901 च्या डिसेंबरात मार्ग सरोवराला भिडला. परंतु खरी अडचण येथूनच सुरू झाली. गाडी तयार होती, पण तिच्यात भरावयाला माल नव्हता. मार्गाचा खर्च निघावा म्हणून कमिशनर सर चार्ल्स एलियट यांनी डोंगराळ सुपीक प्रदेशात गोऱ्या शेतकऱ्यांना वसविण्याचे धोरण पुरस्कारिले. कागदावर जी भूमी रिकामी दिसत होती, ती मसाई लोकांची कुरणे होती. 1904 च्या करारानंतर त्यांना तेथून हलविण्यात आले. नांदी जमातीने मार्गाला कडवा विरोध केला. त्यांचे नायक कोइतालेल अराप सामोई यांना 1905 साली बोलणीच्या मिषाने बोलावून ठार करण्यात आले. आणि ज्यांनी रूळ टाकले त्या हिंदी लोकांना? त्या उंच प्रदेशात त्यांना जमीन देऊ नये, या धोरणावर 1908 साली वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी शिक्कामोर्तब केले. मग अल्लीदिना विश्राम यांच्यासारख्या कच्छी व्यापाऱ्यांनी मार्गालगत दुकाने थाटली. स्वाहिली भाषेतील ‘दुका’ हा शब्द आपल्या ‘दुकाना’चाच सोयरा आहे.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. पुढे 2017 साली मोंबासा व नैरोबी यांना जोडणारा नवा रुंद लोहमार्ग सुरू झाला. त्याचा बहुतेक पैसा चीनच्या निर्यात-आयात बँकेने कर्जाऊ दिला. कर्जाच्या अटी काय, हे केनियाचे नागरिक वर्षानुवर्षे विचारीत राहिले. त्या कराराचा काही भाग 2022 साली कोठे प्रकाशात आला. पहिल्या मार्गाच्या वेळी तेथील माणसाला कोणी काही विचारले नव्हते. या वेळी निदान प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. दोन मार्गांमधील खरे अंतर रुळांच्या रुंदीत नसून या अधिकारात आहे.

आज भारतही आफ्रिकेत कर्ज देतो आणि बांधकामे करतो. अक्रा येथील घानाच्या राष्ट्राध्यक्षांचे भवन भारताच्या कर्जसाहाय्याने मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने उभारले. एके काळी घमेले उचलणारा देश आता थैली उघडून उभा आहे. अशा वेळी बोरघाटातील हमी आणि मोंबासाचे रूळ या दोहोंचे स्मरण ठेवणे हिताचे. रस्ता कोणाच्या गरजेसाठी, जमीन कोणाची आणि तूट पडली तर भरणार कोण, हे तीन प्रश्न कुदळ मारण्यापूर्वी विचारावयाचे असतात. रूळ एकदा पडले, की त्यांची दिशा बदलणे फार कठीण जाते.