निशाण आणि निशाणी : प्रशांत महासागरातील युद्ध आणि जपानी सैनिकांचे ध्वज

मराठीत ‘निशाण’ म्हणजे ध्वज, तर ‘निशाणी’ म्हणजे ओळखीची खूण किंवा आठवण म्हणून जपलेली वस्तू. दोन्ही शब्दांचे मूळ फार्सीत एकच आहे. १९४१ ते १९४५ या काळात प्रशांत महासागरातील बेटांवर झालेल्या युद्धात निशाणाची निशाणी होण्याची घटना असंख्य वेळा घडली. मृत जपानी सैनिकांच्या अंगावरील ध्वज अमेरिकी सैनिकांनी काढून घेतले आणि मायदेशी नेले. तलवारी, पिस्तुले, शिरस्त्राणे हीही त्यांच्या सामानातून गेली. परंतु ध्वजांचा विचार वेगळा करावयास हवा. कारण ते लिहिलेले होते. या लेखनाला वाचक केव्हा आणि कोणत्या हेतूने मिळाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या ध्वजास जपानीत ‘योसेगाकी हिनोमारू’ म्हणतात. आघाडीवर निघालेल्या तरुणासाठी आप्त, शेजारी, शिक्षक, सहकारी रेशमी किंवा सुती पांढऱ्या कापडावर, मधल्या लाल सूर्यबिंबाभोवती आपापली नावे लिहीत. पुष्कळदा ही नावे किरणांसारखी बाहेर पसरलेली दिसतात. वरच्या बाजूस ‘बुउन चोक्यू’ हे, युद्धातील भाग्य चिरकाल टिकावे अशा अर्थाचे, ठरावीक शुभवचन असे. ध्वज घडी घालून गणवेशाच्या आत बाळगला जाई. म्हणूनच तो बहुधा देहाबरोबरच शत्रूच्या हाती पडे. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिल्यास येथे लेखक अनेक आणि उद्दिष्ट वाचक एकच आहे. मात्र हे लेखन निव्वळ खासगी नव्हते. सैनिकाला निरोप देणे हा त्या काळच्या जपानमध्ये सार्वजनिक विधी होता आणि ‘सुखरूप परत ये’ असे उघडपणे लिहिण्यास त्यात फारसा वाव नव्हता. ठरीव शब्दांच्या आड ज्याची त्याची म्हणून उरत होती ती केवळ सही.

ज्याच्या हाती हा ध्वज पडला, त्याला यातील काहीच वाचता येत नव्हते. पेलेलिऊ आणि ओकिनावा येथे लढलेल्या यूजीन स्लेज यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, मृतांच्या अंगावरील वस्तू गोळा करणे हा सैनिकांचा किती नित्याचा व्यवहार झाला होता, हे कठोर प्रामाणिकपणाने सांगितले आहे. पिछाडीवरील खलाशी व वैमानिक अशा वस्तू विकत घेत. मागणी एवढी होती की नौदलाच्या बांधकाम पथकांतील लोक बनावट ध्वज तयार करून विकू लागले. घेणाऱ्यास लिपी अपरिचित असल्यामुळे नकल खपून जाई. खऱ्या वस्तूसोबत पुढे आणखी एक कागद येऊ लागला : ही वस्तू घरी नेण्यास अनुमती आहे, असे वरिष्ठाच्या सहीचे प्रमाणपत्र. एकाच निशाणीशी अशा रीतीने दोन लेख जोडले गेले. कापडावरील लेख तिचा पहिला मालक सांगत होता, कागदावरील लेख दुसरा. वाचला जात होता तो दुसराच.

याच युद्धात जपानी लेखन बारकाईने वाचणारेही होते. ब्रिस्बेन येथे १९४२ साली स्थापन झालेल्या दोस्त सैन्याच्या भाषांतर विभागात हस्तगत कागदपत्रांचे वाचन चाले. त्यात जपानी वंशाच्या अमेरिकी भाषांतरकारांचा मोठा वाटा होता. यांपैकी कित्येकांचे आईवडील त्याच वेळी अमेरिकेत छावण्यांत स्थानबद्ध होते. पर्ल हार्बर येथे नौदलाच्या सेवेत असलेले डोनाल्ड कीन मृत जपानी सैनिकांच्या रोजनिशा वाचत. एखाद्या रोजनिशीच्या अखेरीस, ही वही सापडणाऱ्या अमेरिकनाने ती आपल्या कुटुंबास पोहोचवावी, अशी इंग्रजीत लिहिलेली विनंती त्यांना आढळे. अशा वह्या त्यांनी लपवून ठेवल्या. पण त्या सापडल्या आणि जप्त झाल्या. जपानी साहित्याच्या या थोर अभ्यासकाने पुढे रोजनिशी-वाङ्मयावर ग्रंथ लिहिला, त्याची बीजे या वाचनात होती. वाचन हे सदैव निरागस असते असे नव्हे. त्याच वह्यांतून शत्रूची ठाणी शोधली जात होती आणि त्याच वह्यांतून त्याचे माणूसपणही प्रकट होत होते.

ध्वजांच्या वाट्याला वाचक आले ते फार उशिरा. ओरेगॉन राज्यातील ॲस्टोरिया येथे २००९ पासून कार्यरत असलेल्या ओबॉन सोसायटीने जपानी जाणकारांच्या साह्याने सह्या वाचून मूळ कुटुंबांचा शोध घेण्याचे काम हाती घेतले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ९३ वर्षांचा एक अमेरिकी माजी सैनिक गिफू प्रांतातील हिगाशी-शिराकावा या गावी गेला. १९४४ साली सायपान बेटावर एका मृतदेहाजवळून घेतलेला ध्वज मोंटाना राज्यातील त्याच्या घरी बंदुकांच्या काचेच्या कपाटात होता. त्यावर सुमारे १८० नावे होती. मृताच्या घरी सरकारकडून देहाऐवजी आली होती ती दगडखडे असलेली लाकडी पेटी. त्याच्या वृद्ध भावंडांच्या हाती सात दशकांनंतर पडली ती त्याच्या अंगावरची खरी खूण.

अशा परतीचा गौरव करताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. हे ध्वज ज्या सैन्याबरोबर गेले, त्याने चीनपासून फिलिपाइन्सपर्यंत अनन्वित अत्याचार केले. घरच्या सह्यांनी ते पुसले जात नाहीत. त्या अत्याचारांमुळे १८० नावे खोटीही ठरत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच हा मजकूर वाचावा लागेल.

इंग्रजीने ‘लूट’ हा शब्द भारतीय भाषांतून उचलला आणि आठवणीच्या वस्तूसाठीचा शब्द फ्रेंचमधून. सैनिकाच्या पेटीतील ध्वजास ही दोन्ही नावे लागू पडतात. कोणते लावायचे हे बव्हंशी ती लिपी वाचता येते की नाही यावर ठरत आले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे ते हेच. परक्या लिपीतील मजकूर जोवर न वाचता जपला जातो, तोवर ती जपणाऱ्याची निशाणी असते. वाचल्यानंतर मात्र तो कोणाला उद्देशून लिहिला होता, हा प्रश्न टाळता येत नाही.