खलाशांचे घर, लोकांची सभा

दिवाळीची झाडझूड निघाली की आजीचे जुने फडताळ ठेवावे की मोडीत काढावे, हा वाद घरोघर होतो. शहराच्या वास्तूंनाही हा प्रश्न चुकत नाही. वाचकहो, अंधेरी-बोरिवलीहून किंवा मुलुंड-घाटकोपरहून सुटीत मुलांना म्युझियम दाखवायला गेलात, तर रीगल सिनेमाजवळची जुनी दगडी इमारतही जरूर पाहा. आत राज्य पोलिसांचे मुख्यालय आणि दर्शनी भागावर मात्र सागरदेव नेपच्यून! हे कसे?

ही वास्तू मुळात खलाशांचे विश्रामगृह. १८७० साली राजपुत्र आल्फ्रेड मुंबईस आले, त्याप्रीत्यर्थ बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले. पुढे बोरीबंदरचे स्टेशन उभारणाऱ्या स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. २० अधिकारी आणि ५८ खलाशी यांची तिथे सोय होती.

१९२८ साली सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. नेपच्यून जागेवरच राहिला, आतला संसार बदलला. १९३७ पासून विधानसभेचे अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळंकरांकडे होते. पुढे तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या कौन्सिल हॉलच्या रोखाने निघाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेली माणसे इकडेच येत होती. फ्लोरा फाउंटनपाशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि आपल्या उपनगरांचे आमदारही इथेच बसत राहिले.

१९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनाचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी जुन्या वास्तूत पोलीस आले.

एका छपराखाली असे तीन संसार झाले. वास्तू कामाला जुंपलेली राहिली, म्हणूनच ती टिकली. पण टिकणे म्हणजे केवळ उभे राहणे नव्हे. दगड धुता येतो, गळके छप्पर दुरुस्त होते, विजेच्या तारा नव्या घालता येतात. पण इथे कोण बोलले आणि इथवर पोहोचण्याआधीच कोण पडले, हे कोणी सांगितले नाही, तर उरते ती नुसती देखणी भिंत. डागडुजी सरकार करील. गोष्ट सांगण्याचे काम मात्र आपले आहे.