जीपचे वजन कोण ठरवते?

प्रत्येक मोटारीच्या आर.सी. बुकात ‘अनलेडन वेट’ असा एक रकाना असतो. माणसे आणि सामान न भरता मोटार किती किलोची आहे, हे तेथे लिहिलेले असते. (भौतिकीच्या तासाला आपण त्याला वस्तुमान म्हणू, आर.टी.ओ. वजनच म्हणते.) एसयूव्ही या एकाच नावाने विकली जाणारी वाहने जगात कोठे एक टनाची असतात, तर कोठे अडीच टनांची. अमेरिकेचे रस्ते रुंद, जपानच्या गल्ल्या अरुंद, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या मते कोणत्या देशाच्या कायद्याने काय मोजले, हे पाहिल्याशिवाय हा फरक समजत नाही. त्यासाठी बोरिवलीच्या अलीकडे, कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना आहे, तेथल्या जीपचा इतिहास उपयोगी पडतो.

या घराण्याची मूळ जीप वजनाच्याच अटीतून जन्मली. १९४० साली अमेरिकन सैन्याने टेहळणीसाठी एक हलके, चारही चाकांना गती मिळणारे वाहन मागवले आणि वजनाची मर्यादा घातली १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. बँटम, विलीज आणि फोर्ड या तिन्ही कंपन्यांपैकी एकीलाही ते साधले नाही. साधणे शक्यच नव्हते. शेवटी मर्यादा २,१६० पौंडांपर्यंत, म्हणजे ९८० किलोपर्यंत वाढवावी लागली. विलीजचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. इतर दोघांची इंजिने ४५ अश्वशक्तीच्या आसपासची. पण विलीजची गाडी नव्या मर्यादेपेक्षाही शंभराहून अधिक किलो जड भरली. कंपनीचे मुख्य अभियंता डेल्मर रूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या: इंजिन बदलायचे किंवा गाडी झिजवायची. त्यांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक भाग सुटा करून तपासला, बोल्टांची जास्तीची टोके कापली, रंगाचा थरसुद्धा पातळ केला आणि गाडी मर्यादेत बसवली. पुढे युद्धात सैन्याच्या मागण्या वाढल्या आणि तयार जीप सुमारे १,१०० किलोंवर स्थिरावली.

हे रूस आपल्या गोष्टीत पुन्हा येतात. युद्धकाळात के. सी. महिंद्र हे भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तेथे त्यांची रूस यांच्याशी भेट झाली आणि भारताच्या रस्त्यांना हेच वाहन योग्य, असे त्यांनी ठरवले, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी, बंधू जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह, ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी करायची, अशी सुरुवात झाली. १९५४ पासून विलीजच्या सहकार्याने जीप येथेच बनवण्याचे काम सुरू झाले आणि पुढे कांदिवली हे त्याचे घर झाले.

मूळ आराखडा तोच, पण येथे वजनाची मर्यादा घालणारे कोणी नव्हते. गाडी तराजूवर नव्हे, पेट्रोल पंपावर तोलली जात होती. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त, म्हणून जीपला डिझेल इंजिन हवे होते. ते शेजारीच सापडले. १९६३ पासून कांदिवलीतच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागला होता. त्याच्याच घराण्यातले इंजिन जीपच्या बॉनेटखाली आले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवानाही घेतला गेला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण वीस पट दाबून तापवायची आणि त्यात इंधन फवारायचे, असे त्याचे काम. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हा दाब सात-आठ पटच असे. एवढा दाब सोसायला ठोकळा, दट्ट्या, दांडा सगळेच जाड लागते. इंजिन जड झाले की चासी, पाटे, ब्रेक हेही भक्कम करावे लागतात. वजनाला वजन चिकटत जाते, ते असे.

त्यात भर आपल्या प्रवाशांची. सातारा-कोल्हापूरकडे जिला वडाप म्हणतात, त्या जीपमध्ये दहाच्या जागी पंधरा-सोळा माणसे बसलेली, दोघे मागे लटकलेले, हे दृश्य ग्रामीण भागात शिकवलेल्या शिक्षकांना नवे नाही. अशा गाडीचे पाटे विलीजच्या मापाने कसे चालतील?

जपानमध्ये नेमके उलटे घडले. तेथे ‘केई’ नावाच्या लहान मोटारींना करात सवलत होती, आणि १९७० साली या वर्गाच्या अटी होत्या: लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर, इंजिन ३६० सीसी. त्या वर्षी सुझुकीने या चौकटीत चार चाकांना गती देणारी जिम्नी बसवली. लांबी वाढू नये म्हणून जादा चाक मागे न टांगता आत ठेवले, त्यात एका माणसाची जागा गेली आणि गाडी तीन आसनी झाली. वजन भरले ६०० किलोंच्या आसपास. अमेरिकन सैन्याला तीस वर्षांपूर्वी हवा होता तो आकडा जवळजवळ गाठला गेला, पण ताकद फारच कमी ठेवून. १९७१ मध्ये जपानने मोटारींवर वजनकरही लावला. केई गाड्यांना एकच कमी दर, इतरांना दर अर्ध्या टनामागे कर.

अमेरिकेने १९७५ मध्ये इंधन बचतीचा कायदा केला, पण मोटारी आणि हलके ट्रक यांना वेगळे मोजले. ट्रकना अट सैल. एसयूव्ही ट्रकमध्ये गणली गेली. शिवाय भारासह ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर जाणारे वाहन या कायद्यातून त्या काळी सुटतच होते. तेव्हा आणखी जड गाडी बनवणे हीच पळवाट झाली. फोर्डची १९९९ मध्ये आलेली एक्सकर्शन रिकामीच तीन टनांहून जड होती.

आणि आपण? २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींचे उत्पादन शुल्क कमी झाले. लहान म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असल्यास १,२०० सीसी, डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटीतही हीच सीमा राहिली. महिंद्राच्या २०१९ च्या एक्सयूव्ही ३०० ची मापे पाहा: लांबी ३,९९५ मिलिमीटर, इंजिने १,१९७ आणि १,४९७ सीसी. तिचे मूळ कोरियाच्या सांगयाँग टिवोलीत, आणि टिवोली ४.२ मीटर लांब. येथे ती सीमेच्या पाच मिलिमीटर आत आणली गेली. वजनाबद्दल आपला नियम गप्प होता. १,२९८ सीसीची मारुती जिप्सी किंग एक टनाच्या आसपासची, पण ४,०१० मिलिमीटर लांब, म्हणून कायद्याच्या दृष्टीने मोठी. २०२३ मध्ये आलेली १,४९७ सीसी डिझेलची थार दीड टनाहून जड, पण ३,९८५ मिलिमीटरची, म्हणून लहान! अर्थात थारचे सारे वजन वायफळ नाही. २०१७ पासून लागू झालेल्या अपघात चाचण्यांनी सांगाडा बळकट करायला लावला, आणि ते हवेच होते.

पण त्या बळकटीचा लाभ आतल्यांना मिळतो. हे वर्गात संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दाखवता येईल. १,७०० किलोची एसयूव्ही आणि ८५० किलोची छोटी मोटार समोरासमोर धडकल्या, तर वेगातला बदल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होतो. छोट्या मोटारीला दुप्पट झटका बसतो. रिक्षाचे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत मात्र एक टन काय आणि पावणेदोन टन काय, त्याच्यापुढे दोन्ही अवाढव्यच. तेथे बॉनेटची उंची अधिक घातक ठरते. एस. व्ही. रोडवर पदपथ सोडून चालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या इंधन कार्यक्षमतेच्या नियमात वजन येते, पण उफराटे. २०१७ पासून लागू झालेल्या पहिल्या टप्प्यात सरासरी मोटार १,०३७ किलोची धरली होती, २०२२ च्या दुसऱ्या टप्प्यात १,१४५ किलोची. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरीने जड, तिला दर किलोमीटरमागे जास्त कार्बन डायऑक्साइड सोडण्याची मुभा. एप्रिल २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये जो मसुदा निघाला, त्यात लहान पेट्रोल मोटारींना सवलत देताना लांबी आणि सीसी यांच्या जोडीला ९०९ किलोंची मर्यादा घातली होती. रूस यांनी बोल्ट कापून गाठलेल्या आकड्याच्याही ती ७१ किलो खाली आहे. मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी तिला लगेच विरोध केला. कांदिवलीची कंपनी त्यांत होती.