ओटा कुणाच्या मापाचा?

माझी उंची पाच फूट दोन इंच. सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं हमाली केली, बहुतेक हळदीची आणि गुळाची. शंभर किलोचं पोतं पाठीवर पडलं की ते घेऊन पळण्यात टोळीत मला कुणी मागे टाकलं नाही. पण गाडी भरायची वेळ आली की माझी सद्दी संपायची. जोडीदार सहा फुटी. दोघांनी पोतं धरलं की त्याच्या पोटाशी आलेलं ओझं माझ्या छातीच्या वर गेलेलं असायचं. मुकादम ओरडायचा, "बारक्या, हो बाजूला!" ताकद तीच, पोतंही तेच, आड यायचा तो गाडीचा फाळका.

आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. नातू मोबाइलवर 'जगातला सर्वांत बलवान माणूस' ही स्पर्धा लावून देतो. त्यातले डोंगराएवढे गडी बघताना मला फाळकाच आठवतो.

ही स्पर्धा 1977 मध्ये कॅलिफोर्नियाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, टीव्हीसाठी म्हणून सुरू झाली. पहिला मान अमेरिकेच्या ब्रूस विल्हेल्मला मिळाला. माझं लक्ष मात्र पाचव्या आलेल्या गड्यावर. फ्रँको कोलंबू, सार्डिनिया बेटावरचा, उंची जेमतेम पाच फूट पाच इंच. आदल्याच वर्षी शरीरसौष्ठवातला मिस्टर ऑलिंपिया झालेला. पाठीला फ्रिज बांधून पळायच्या शर्यतीत त्याचा तोल गेला आणि पाय गुडघ्यात निखळला. तरीही तो पाचवा आला. पाय बुटकेपणामुळे मोडला असं मी म्हणणार नाही. पाठीवर ओझं हलतं तेव्हा उंच माणूसही कोलमडतो, हे मी यार्डात पाहिलंय. पण त्यानंतर आजपर्यंत त्याच्या उंचीचा कुणीही ही स्पर्धा जिंकलेला नाही.

दगड उचलून ताकद जोखायची रीत या स्पर्धेहून फार जुनी. आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे गोटी होती, काळ्या दगडाची, पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. कुणी ती गुडघ्यापर्यंत आणायचा, कुणी छातीला लावायचा, एखादाच खांद्यावरून मागे टाकायचा. गुडघा आपला, छाती आपली, खांदाही आपलाच. बुटक्याचा खांदा खाली, म्हणून त्याची वाटही कमी. स्कॉटलंडमध्ये डी नदीवरच्या पोटार्क पुलापाशी डिनी दगड आहेत. दोन्ही मिळून 332 किलोंच्या वर वजन, धरायला लोखंडी कड्या. डोनाल्ड डिनीने 1860 मध्ये ते पुलाच्या रुंदीभर नेले, अशी ख्याती. आजही ते दोन्ही एकदम जमिनीवरून सुटले, खालून वारा गेला, की उचलले असं मानतात. इथेही उंचीला कुणी विचारत नाही.

आइसलँडच्या पश्चिमेला द्रिटविकच्या मच्छीमारांचे चार दगड आहेत, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. 154 किलोंचा 'पुऱ्या ताकदीचा', 100 चा 'अर्ध्या ताकदीचा', 54 चा कमजोराचा आणि 23 चा कुचकाम्याचा. होडीवर जागा हवी असेल तर निदान 54 चा उचलून कमरेएवढ्या कातळावर ठेवावा लागे. हे वाचलं आणि मला आमचं यार्ड दिसलं. देवळापुढच्या दगडाचं माप माणसाच्या अंगावर असतं. कामावरच्या दगडाचं माप होडीच्या काठावर किंवा गाडीच्या फाळक्यावर ठरतं. तो काठ कुणासाठी खाली येत नाही.

टीव्हीवरच्या स्पर्धेने हे दुसरं माप उचललं. 1986 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात पहिल्यांदा पाच गोल दगड ओट्यांवर चढवायचा प्रकार आला. पुढे त्यांना ॲटलास दगड म्हणू लागले आणि बहुतेक स्पर्धांचा शेवट त्यांनीच होऊ लागला. ओटा सगळ्यांना सारखा. 1992 मध्ये आइसलँडमध्येच सुमारे सात फुटांचा डच गडी टेड व्हान डर पारे जिंकला. त्याच्याहून उंच विजेता झालेला नाही. पोलंडचा मारियुश पुजानोव्स्की 186 सेंटीमीटरचा, चपळ. पाच वेळा जिंकला. पण 2006 मध्ये चीनमधल्या सान्याला शेवटच्या दगडांवर साडेसहा फुटी फिल फिस्टरने त्याला गाठलं आणि किताब नेला.

2011 ते 2024 या चौदा स्पर्धांचा मी वहीत हिशोब मांडला. ब्रायन शॉ चार वेळा, टॉम स्टोल्टमन तीन वेळा, हाफ्थोर ब्योर्नसन एकदा. चौदापैकी आठ किताब 203 सेंटीमीटर किंवा त्याहून उंच गड्यांचे. उंच सांगाड्यावर मांसही जास्त बसतं आणि या स्पर्धेत कुस्तीसारखे वजनगट नाहीत, हे खरंच. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 57 किलो गटात लढले, म्हणून ते कांस्यपदक दिसलं; एकच गट असता तर त्यांना कोण बघणार होतं? पण ओट्याचा वाटाही कमी नाही. स्टोल्टमनने 2020 मध्ये 286 किलोंचा दगड चार फुटांच्या आडव्या दांड्यावरून पलीकडे टाकला. चार फूट म्हणजे त्याच्या बेंबीशी. मी सुतळी धरून मोजलं, माझ्या ते बगलेशी येतं.

दांडा खाली आला की गंमत उलटते. त्याच 2020 साली युक्रेनचा ओलेक्सी नोविकोव्ह जिंकला. उंची 185, वय अवघं चोवीस. जमिनीपासून दीड फुटावर ठेवलेला बार ओढून ताठ उभं राहायचं होतं; त्याने 537.5 किलो ओढले. तिथे स्टोल्टमनला नोविकोव्हपेक्षा लांबची वाट चालावी लागते, कारण दांडा सारखा असला तरी ताठ उभं राहायची उंची ज्याची त्याची असते. त्या वर्षी स्टोल्टमन दुसरा आला.

नातू म्हणतो, "आजोबा, मग तुम्ही उंच असता तर?" मी त्याला थप्पीची गोष्ट सांगतो. गोदामात पोत्यांची थप्पी डोक्याच्या वर गेली की मुकादम सहा फुट्याला वर लावायला उभा करी आणि मला गाडीपासून थप्पीपर्यंत पळवी. तो दिवसभर एका जागी, मी दिवसभर पायावर. संध्याकाळी पेठेतल्या चहाच्या टपरीवर टोळीचे पैसे वाटले जायचे. वाटणी सगळ्यांना सारखी. त्या वेळी कुणाची उंची कुणी काढत नसे.