श्रीलंकेतील वांशिक राजकारण

सिंहली बहुसंख्याक व तमिळ अल्पसंख्याक यांच्यातील दुराव्यावर पोसलेले, लोकशाही पोखरणारे पक्षीय राजकारण. या बेटावर प्रौढ मताधिकार १९३१ मध्ये, ब्रिटिश अमलातच आला. स्वातंत्र्य मिळताच १९४८-४९ च्या कायद्यांनी चहामळ्यांतील लाखो भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व आणि मत हिरावले गेले.

ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी १९५६ ची निवडणूक ‘फक्त सिंहली’ या घोषणेवर जिंकली. त्याच वर्षी सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. सरकारी नोकरीवर भिस्त असलेल्या जाफनाच्या तमिळ मध्यमवर्गाला हा घाव वर्मी बसला. चूक उमगल्यासारखे बंदरनायके यांनी जुलै १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. त्यात तमिळ भाषेला मान्यता आणि प्रादेशिक परिषदांना अधिकार होते. विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने कराराविरुद्ध कँडीच्या पदयात्रेला निघाले. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि करार मोडल्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले. पुढच्याच महिन्यात दंगली पेटल्या. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच बंदरनायके यांना गोळ्या घातल्या. १९६५ मध्ये जयवर्धने यांच्याच पक्षाच्या डडली सेनानायके यांनी तसाच समझोता केला, तेव्हा तो हाणून पाडण्यात बंदरनायके यांचा पक्ष पुढे होता. सत्तेत असताना तडजोड आणि विरोधात बसताच आग, हा दोन्ही पक्षांचा शिरस्ता पुढच्या यादवीला सर्वाधिक जबाबदार आहे.

१९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० ग्रंथ व हस्तलिखिते खाक झाली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत जमाव मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरे हुडकत होते. वेलिकडा तुरुंगात ५३ तमिळ कैदी मारले गेले. पाठोपाठ झालेल्या घटनादुरुस्तीने विभक्ततेविरुद्ध शपथ सक्तीची केली आणि निवडून आलेले तमिळ खासदार संसदेबाहेर पडले. संवादाची वाट अशी बुजल्यावर तमिळांच्या वतीने बंदूकच बोलू लागली. लिट्टे या सशस्त्र तमिळ संघटनेनेही अमृतलिंगम यांच्यासारखे मवाळ तमिळ नेते संपवले, १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना हुसकावले, मुलांच्या हाती शस्त्रे दिली. मे २००९ मध्ये युद्ध संपले. अखेरच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवले आहे.

२०२२ पर्यंत आरोपपत्राविना १८ महिने डांबण्याची मुभा देणारा १९७९ चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा मुळात तीन वर्षांपुरता होता; १९८२ मध्ये तो कायम झाला. तमिळांसाठी घडवलेले हे हत्यार २०२२ च्या जनआंदोलनानंतर सिंहली विद्यार्थी कार्यकर्त्यांवरही चालवले गेले.